बंदूक कुठवर नेता ते राहू द्या, कशी नेता ते सांगा!

या विकांताला विषय जरा कोरडा आहे, आधीच सांगून टाकतो: शस्त्र परवाना. थांबा, लगेच पळू नका! तुमच्याकडे बंदूक नाही, माझ्याकडेही नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. पण तुमच्या पुढच्या गाडीत ती असू शकते. लग्नात शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्याच्या कमरेला असू शकते. ती तिथवर कशी आली आणि आपल्या कायद्याला तिच्याबद्दल नेमकं काय विचारावंसं वाटतं, हा आजचा मुद्दा.

माझं म्हणणं आधीच एका वाक्यात सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. परवानाधारकाने बंदूक गाडीत घालून कुठवर न्यावी यावर आपल्या व्यवस्थेचा सगळा जोर आहे, ती कशी न्यावी यावर जवळपास नाही. हे उलटं व्हायला हवं.

रस्ता एक, गाड्या चार

छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूर-सोलापूरकडे निघालात की आडूळ, पाचोड, वडीगोद्री करत तुम्ही शहागडला येता. जालना जिल्हा, अंबड तालुका. गाव गोदावरीच्या काठावर आहे. पूल ओलांडला की गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा सुरू. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग २११ होता, आता ५२ झालाय. आकडा बदलला तशी त्याची लांबीही बदलली. हा ५२ नंबर पंजाबातल्या संगरूरला सुरू होतो आणि कर्नाटकात अंकोल्याला संपतो. पंजाब, हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक, अशी सहा राज्यं आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर. शहागडच्या चहाच्या टपरीसमोरून जाणारा ट्रक हिस्सारहून हुबळीला निघालेला असू शकतो.

आता या रस्त्यावर चार गाड्या डोळ्यांसमोर आणा. चारही गाड्यांत एकेक शस्त्र आहे.

पहिल्या गाडीत एक नेमबाज मुलगी आहे, स्पर्धेला निघालेली. रायफल कडक पेटीत, चेंबर रिकामं, त्यात सुरक्षेची रंगीत पट्टी खोचलेली, काडतुसं वेगळ्या डब्यात.

दुसऱ्या गाडीत गोदाकाठच्या कुठल्याशा गावातले निवृत्त हवालदार. पेन्शन पुरत नाही म्हणून गनमन म्हणून काम करतात. बाराबोअर स्वतःची, परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, महाराष्ट्रापुरता. आता विजापूरला नोकरी लागली आहे.

तिसऱ्या गाडीत 'भाऊ' आहेत. पांढरी गाडी, काळ्या काचा. पिस्तूल भरलेलं आणि कमरेला. परवान्यावर 'संपूर्ण भारत'.

चौथ्या गाडीतल्या पोराकडे परवाना वगैरे काही नाही. सीटखाली गावठी पिस्तूल आहे, बस्स.

आता मला सांगा, यातल्या कुठल्या गाडीची तुम्हाला भीती वाटते? माझा क्रम असा: चौथी, तिसरी, मग बऱ्याच अंतराने दुसरी, आणि पहिलीची अजिबात नाही. आणि कागदावर सगळ्यात सहज कोण अडकतो? दुसरा!

हवालदार काका कसे अडकतात

आपला मूळ कायदा १९५९ चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. बंदूक घेणे, बाळगणे आणि बरोबर नेणे या सगळ्यालाच परवाना लागतो. आणि परवान्यात एक रकाना असतो: हा परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल. जिल्हा, राज्य किंवा सगळा देश. सरकारी भाषेत एरिया व्हॅलिडिटी.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० साली यासाठी धोरण आखलं. जिल्हाधिकारी राज्यभरासाठी परवानगी देऊ शकतात. लगतची राज्यं हवी असतील तर राज्य सरकारकडे जायचं, तेही जास्तीत जास्त तीन राज्यांसाठी. आणि अखिल भारतीय परवानगी कुणाला? केंद्रीय मंत्री, खासदार, लष्करी आणि निमलष्करी दलांतले लोक, अखिल भारतीय सेवांतले अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकणारे अधिकारी आणि खेळाडू.

आता काकांची वाट बघा. शहागडहून निघायचं, बीड, धाराशिव, सोलापूर. तिथवर सगळं कायदेशीर. सोलापूर सोडून भीमा ओलांडली की धूळखेड, म्हणजे कर्नाटक. नदीच्या अलीकडे जो माणूस जबाबदार परवानाधारक होता तो पलीकडे काय झाला? बंदूक तीच, पेटी तीच, माणूस तोच. हातातला कागद मात्र तिथे चालत नाही. कर्नाटकाची मोहोर हवी असेल तर गावापासून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या मंत्रालयाच्या मर्जीवर थांबायचं, आणि नोकरी तर येत्या सोमवारपासून.

मोहोर नसताना पकडलं गेलं तर? दोन शक्यता. एक, परवान्याच्या अटीचा भंग म्हणून कलम ३०: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरी, इथे परवानाच चालत नाही म्हणून विनापरवाना शस्त्र, म्हणजे कलम २५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच (न्यायालयाने खास कारण नोंदवलं तर दोनपेक्षा कमी). दोन हजार रुपये दंड ते पाच वर्षं तुरुंग! एवढ्या मोठ्या पट्ट्यात काका नेमके कुठे पडणार, याची सुरुवात त्या रात्री ठाण्यात कोण बसलंय आणि तो कुठलं कलम लिहितो यावर होते. पुढे न्यायालय काय म्हणायचं ते म्हणेल, पण तोवर नोकरी गेलेली असते आणि वकील लावलेला असतो.

आता याच दुरुस्तीतलं दुसरं कलम बघा. लग्नात, मिरवणुकीत हौसेने हवेत गोळीबार केला आणि त्याने लोकांचा जीव धोक्यात आला, तर शिक्षा किती? दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे दोन वर्षं ही कमाल मर्यादा, आणि नुसत्या दंडावरही सुटता येतं.

पुन्हा वाचा. कुलूपबंद बंदूक चुकीच्या राज्यात नेली, तर वाईटात वाईट स्थितीत दोन वर्षं हा *तळ*. माणसांच्या डोक्यावरून गोळ्या झाडल्या, तर दोन वर्षं हे *छत*. कोडमध्ये कुणी अशी अट उलटी लिहिली असती तर रिव्ह्यूमध्ये त्याची धुलाई झाली असती. इथे मात्र संसदेत मंजूर झालं आणि आपण सगळे टाळ्या वाजवून मोकळे.

'भाऊं'चा परवाना

तिसऱ्या गाडीकडे येऊ. मराठवाड्यात हा विषय हवेतला राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर बीडच्या परवान्यांची चर्चा सुरू झाली. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने! परळीत हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ लोकांनी मोबाईलवर पाहिले. मग फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. चांगलंच झालं. पण एक प्रश्न राहतोच: इतकी वर्षं ही पिस्तुलं कमरेला लावून लोक गावोगाव, गोदावरीच्या या काठावरून त्या काठावर, उजळ माथ्याने फिरत होते. त्यातल्या किती जणांना नाक्यावर कुणी विचारलं असेल, की बाबा रे, हे भरलेलं आहे का? आणि असेल तर का?

नियमांत याबद्दल काहीच नाही असं नाही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा केसमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. लग्न-मिरवणुकीत ते नाचवायला आणि उडवायला बंदी आहे. ठीक. पण ही झाली कमरेला लावून *वावरण्याची* तऱ्हा. गाडीत घालून चारशे किलोमीटर *नेण्याची* तऱ्हा वेगळी असायला हवी की नको? आपल्या व्यवस्थेने 'वावरणं' आणि 'नेणं' यात फरकच केलेला नाही. दोन्ही एकच 'बरोबर बाळगणं'. त्यामुळे पेटीत कुलूप लावून नेणारे काका आणि भरलेलं पिस्तूल मांडीवर घेऊन बसलेले भाऊ कायद्याच्या नजरेत एकाच प्रकारचं काम करत असतात. फरक पडतो तो फक्त मोहोरेने, आणि मोहोर भाऊंकडे मोठी आहे!

इथे थोडा इतिहास. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्यात युरोपीय लोकांना परवान्यातून सूट होती आणि नेटिवांना बंधन. कोण आहेस यावर सगळं ठरायचं. १९५९ चा कायदा आला तेव्हा ही माणसामाणसांतली दरी बुजवणं हा एक उद्देश होता. आता वर दिलेली अखिल भारतीय यादी परत वाचा. मंत्री, खासदार, मोठ्या सेवांतले अधिकारी. सैनिक आणि खेळाडू सोडले तर ही यादी गरजेची आहे की हुद्द्याची? कातडीचा रंग गेला, लाल दिव्याचा आला. (लाल दिवाही २०१७ मध्ये गेला म्हणा. परवान्यातला मात्र राहिला.)

मोहोर महाग केली की ती विकली जाते

आमच्या धंद्यातला एक जुना अनुभव. सिस्टिममध्ये एखादी परवानगी फार दुर्मिळ करून ठेवली की लोक ती मिळवण्याचा चोरवाटेचा मार्ग शोधतात, आणि जो ती देऊ शकतो तो श्रीमंत होतो.

पुरावा हवा? जम्मू-काश्मीरचं परवाना प्रकरण. २०१७ मध्ये राजस्थानच्या एटीएसने ते उघडकीस आणलं, २०१८ मध्ये सीबीआयकडे गेलं. २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून दिलेले तब्बल २.७८ लाखांहून अधिक परवाने संशयाच्या घेऱ्यात आले. जे तिथले रहिवासीच नाहीत अशांना पैसे घेऊन परवाने दिले, असा आरोप. डोंगराळ सीमावर्ती जिल्ह्यातला परवाना राजस्थानातल्या, दिल्लीतल्या माणसाला कशाला हवा असेल? आपल्या गावात साहेबासमोर उभं राहून कारण सांगावं लागू नये म्हणून. आणि देशभर फिरता यावं म्हणून.

म्हणजे ज्या रकान्यावर आपण सुरक्षेची सगळी भिस्त ठेवली, तोच रकाना बाजारात विकायला होता. काकांसारखा माणूस तो विकत घेत नाही, कारण ऐपत नाही आणि बहुधा लाजही आहे. विकत घेतो तो ज्याच्याकडे तो असायलाच नको.

चौथी गाडी

याच ५२ नंबरवर शहागडहून उलट, उत्तरेला चला. धुळे, शिरपूर, पळासनेर, आणि बिजासन घाट चढला की मध्य प्रदेशातलं सेंधवा. तिथून फार लांब नाही बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, आपल्या चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून. गावठी पिस्तुलांच्या प्रकरणांत जळगाव-धुळ्यापासून पुण्यापर्यंतच्या पोलिसांच्या कारवायांत हे नाव वर्षानुवर्षं येतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन छापा टाकला आणि शस्त्रं बनवायच्या भट्ट्या मोडल्या.

तिथून निघालेलं पिस्तूल राज्याची सीमा ओलांडताना कुणाची मोहोर घेत नाही. त्याला एरिया व्हॅलिडिटी लागत नाही. तुम्ही म्हणाल, ते तर बेकायदाच आहे, त्याचा इथे काय संबंध? संबंध असा, की नाक्यावरच्या पोलिसाकडे वेळ आणि माणसं मोजकीच असतात. त्याने रात्री दोन वाजता डिकी उघडायला लावली, तर त्याची पंधरा मिनिटं कशावर खर्च व्हावीत? काकांच्या पुस्तिकेवरचा शाईचा शिक्का भिंगातून वाचण्यावर, की सीटखालचं शोधण्यावर? पोलिसाच्या हातात सोपा, पटकन तपासता येणारा नियम द्या. 'रिकामं आहे? कुलूप आहे? काडतुसं वेगळी? नंबर जुळतो?' चार प्रश्न, दोन मिनिटं. चारही उत्तरं 'हो' असली तर काका, जा. एकही 'नाही' असेल तर बाजूला घ्या, मग तो काका असो की भाऊ.

बाहेर काय करतात

'अमेरिकेचं नाव काढू नकोस' अशी प्रतिक्रिया येणार, ठाऊक आहे. बंदुकांच्या बाबतीत अमेरिका आदर्श आहे असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण या एका बारीक प्रश्नाचं उत्तर त्यांनी १९८६ साली लिहून ठेवलं. तिथेही प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना विचारा, नदीपलीकडच्या पेन्सिल्व्हेनियात चालणारं त्यांच्याकडे चालत नाही. मग मधल्या राज्यातून नुसतं जाणाऱ्याचं काय? तर संघराज्याचा नियम असा: निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण या दोन्हीकडे तुमच्याकडे ती बंदूक कायदेशीर असेल, तर मधून नेता येईल. अट एकच. बंदूक रिकामी, आणि बंदूक किंवा काडतुसं हाताशी येतील अशी नाहीत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि समोरचा ग्लोव्ह बॉक्स पेटी म्हणून चालणार नाही.

बघा, हा नियम *कशी नेता* हे विचारतो.

त्यातही एक एज केस निघालीच. २००५ साली रेवेल नावाचा यूटा राज्यातला माणूस विमानाने पेन्सिल्व्हेनियाला निघाला होता. नियमाप्रमाणे जाहीर केलेलं, कुलूपबंद पिस्तूल सामानात. नेवार्कला पुढचं विमान चुकलं, सामान त्याच्या ताब्यात मिळालं, रात्र हॉटेलात काढली, आणि सकाळी विमानतळावर पुन्हा जाहीर केल्यावर अटक! खटला तर मागे घेतला गेला, पण त्याने भरपाईसाठी दावा लावला तेव्हा २०१० मध्ये अपील न्यायालय म्हणालं, हॉटेलात रात्रभर पेटी तुझ्या हाताशी होती, तेव्हा हा नियम तुला वाचवत नाही. कायदा लिहिणाऱ्याने मुक्कामाचा विचारच केला नव्हता. आपल्याला नियम लिहायचा झाला तर धाबा, लॉज आणि पंक्चर यांचा विचार पहिल्या दिवशी करायला हवा. शहागडला रात्री टायर बसला तर काकांनी पेटी घेऊन लॉजवर जायचं की गाडीत ठेवायची? याचं उत्तर कागदावर पाहिजे.

युरोपचा मार्ग आणखी वेगळा. १९९१ च्या निर्देशातून त्यांनी युरोपीय शस्त्र पासाची पद्धत आणली. शिकारी आणि नेमबाज तो पास आणि स्पर्धेचं निमंत्रण वगैरे कारण घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जातात. *देश* बरं का, राज्य नव्हे. आणि तिथे बंदुकीचे कायदे आपल्यापेक्षा फार ढिले आहेत असंही नाही.

लांब कशाला जायचं? आपल्याकडे विमानात परवान्याची बंदूक कशी नेतात? जाहीर करून, रिकामी करून, चेक-इन सामानात. मंत्री असलात तरी मांडीवर घेऊन बसता येत नाही. हाच माणूस विमानतळाबाहेर येऊन स्वतःच्या गाडीत बसला की ही शिस्त कुठे जाते?

आपल्याला जमतं, हे आपणच दाखवलंय

पुढचा नेहमीचा आक्षेप: 'आपल्याकडे हे राबवणार कोण?' त्यावर दोन उदाहरणं.

एक, निवडणूक. आचारसंहिता लागली की जिल्ह्याजिल्ह्यांत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सरसकट सगळ्यांची गोळा करू नका, छाननी समितीने कुणाकडून का घ्यायची ते बघून ठरवावं. मतदान झालं की शस्त्रं परत. म्हणजे मनात आणलं तर प्रशासनाला जिल्ह्यातली प्रत्येक बंदूक कुणाकडे आहे हे कळतं, तिच्या मालकाला बोलावता येतं आणि प्रकरणानुसार विचारही करता येतो. एवढं दर निवडणुकीला जमतं, तर एका प्रवासाची नोंद का जमू नये?

दुसरं उदाहरण आपले नेमबाज. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. या खेळात पहिल्या दिवसापासून शिकवतात ते नेम धरणं नव्हे, तर बंदूक रिकामी आहे हे दुसऱ्याला दिसेल असं दाखवणं. म्हणून ती रंगीत पट्टी. बालेवाडीच्या रेंजवर कुणी भरलेली रायफल खांद्याला लावून कँटीनला गेला तर पाच मिनिटांत बाहेर. म्हणजे शिस्त आपल्या मातीत उगवत नाही वगैरे बोलू नका. उगवते. फक्त ती खेळाडूंना सक्तीची आणि भाऊंना ऐच्छिक आहे.

मग करायचं काय?

नुसतं ओरडून उपयोग नाही, म्हणून माझी मागणी.

१. प्रवासाचा एकच नियम, सगळ्यांना, सगळ्या राज्यांत: शस्त्र रिकामं, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही बसलेल्या माणसाच्या हाताला न येणाऱ्या जागी. मुक्कामात पेटी माणसाबरोबर खोलीत, गाडीत एकटी कधीच नाही.

२. असं नेणार असाल तर तुमचा परवाना देशभर चालेल. मोहोर नको, मंत्रालय नको.

३. भरलेलं शस्त्र अंगावर घेऊन प्रवास करायचा असेल तर लेखी, मुदतीचं आणि कारणासकट वेगळं पत्र. जिवाला खरा धोका असलेले लोक आहेत, त्यांना ते मिळावं. पण मुदत संपली की संपली, आणि हुद्दा हे कारण नाही.

४. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमध्ये स्वतंत्र क्रमांक आहेच, त्याशिवाय परवाना वैधच धरत नाहीत. राज्याबाहेर निघण्याआधी मालकाने त्या क्रमांकावर कुठून कुठे आणि किती दिवस एवढी नोंद करावी, आणि नाक्यावरच्या पोलिसाला ती मोबाईलवर दिसावी. ज्या देशात २०२१ पासून टोलनाक्यावर प्रत्येक मोटारीला फास्टॅग सक्तीचा आहे, त्या देशाला हे अवघड नाही. एक बरी टीम द्या, दोन रिलीजमध्ये होईल.

५. शिक्षेची उतरंड सरळ करा. कुलूपबंद शस्त्र नेताना नोंद राहिली, तर दंड. भरलेलं शस्त्र विनाकारण गाडीत, तर परवाना रद्द. हवेत गोळी, तर तुरुंग, आणि त्याला किमान मुदत.

'म्हणजे तू बंदुका मोकळ्या करायला निघालास!' असं ज्यांना वाटतंय त्यांनी तिसरी आणि पाचवी मागणी परत वाचावी. आज बीडच्या किंवा जालन्याच्या लग्नात कमरेला भरलेलं पिस्तूल लावून आलेल्या माणसाला माझ्या नियमात आत्तापेक्षा कितीतरी जास्त त्रास आहे. तो त्रास त्याला व्हावा हीच तर इच्छा. सुटतो तो विजापूरला नोकरीला निघालेला माणूस, ज्याच्यापासून ना तुम्हाला धोका आहे ना मला.

'यात आमचा काय संबंध' म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं. हिंजवडीतल्या, खराडीतल्या आपल्या इमारतींखाली, एटीएमजवळ, कॅश व्हॅनच्या दाराशी जो बाराबोअर घेऊन उभा असतो, तो कुठून आला असं कधी विचारलंय? विचारा एकदा. त्यात कुणी गेवराईचा, कुणी अंबडचा, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारचा निघेल. आपल्या पगाराच्या पैशांची राखण तो करतो, आणि गावी जाताना नेमकी कुठली नदी ओलांडली की आपण गुन्हेगार होतो, याचा हिशेबही त्यालाच ठेवावा लागतो. तो हिशेब कायद्याने सोपा करावा, एवढंच मागणं आहे.

असो. पटलं नसेल तर खुशाल भांडा. पण भांडण्याआधी तिसऱ्या गाडीतल्या भाऊंना ते चार प्रश्न विचारून बघा. विचारायची हिंमत होत नसेल, तर नियम कुणासाठी हवाय ते तुमच्या लक्षात आलंच असेल :-)